गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक जागांची नियमावली कशी तयार करावी

महाराष्ट्रातील बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकावर एक पिवळा पडलेला कागद असतो. त्यावर ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’, ‘पाहुण्यांनी वाहने आत आणू नयेत’, ‘मुलांनी आवारात खेळू नये’ अशी दहाबारा वाक्ये असतात आणि खाली ‘आज्ञेवरून’ असे लिहिलेले असते. ती आज्ञा कोणी, कोणत्या सभेत, कोणत्या अधिकाराने दिली हे विचारल्यास विद्यमान सचिवांनाही सांगता येत नाही. अशा कागदाने वाद थांबत नाही. ज्याला नियम पाळायचा नसतो त्याच्या हाती उलट आयते कारण पडते. सचिव असताना मी स्वतः असे दोन कागद लावले होते आणि दोन्ही वेळा सभेत माझी बोलती बंद झाली. नियम टिकण्यासाठी मोजलेली जागा, रीतसर झालेला ठराव आणि तो अमलात आणणारा नेमलेला माणूस या गोष्टी आधी हव्यात. भाषा आणि कागद त्यानंतर येतात. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

आधी जागा मोजून घ्यावी

नियम लिहिण्यापूर्वी तो कोणत्या जागेला लागू आहे हे निश्चित करणे आवश्यक असते आणि नेमके हेच काम टाळले जाते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील सामाईक क्षेत्राच्या व्याख्येत जिने, लिफ्ट, प्रवेशमार्गिका, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग, तळघरे, गच्च्या, उद्याने, खेळण्याच्या जागा, उघडी वाहनतळे आणि सामाईक साठवणुकीच्या जागा यांचा समावेश आहे. इमारत त्याआधीची असली, तरी यादी सुरू करण्यासाठी ही व्याख्या सोयीची आहे. त्यानंतर स्थानिक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या बांधकाम नकाशाची प्रत काढावी. संस्थेकडे ती नसल्यास महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे अर्ज करावा. वाहनतळ कोठे दाखवले आहे, अग्निशमन वाहनाचा मार्ग कोणत्या बाजूने आहे, खुली जागा करमणुकीसाठी राखीव आहे काय आणि उंच इमारतीत आगीच्या वेळी आश्रयासाठीचा भाग, म्हणजे ज्याला सर्वजण रेफ्यूज एरिया म्हणतात तो, कोणत्या मजल्यावर आहे, हे नकाशातच कळते. नकाशात ज्या कारणासाठी जागा मंजूर झाली आहे ते कारण सभेच्या बहुमताने बदलत नाही. आश्रयाच्या जागेत व्यायामशाळा थाटण्याचा ठराव एकमताने झाला, तरी तो निरुपयोगीच ठरतो.

नकाशा हाती आल्यावर दोन माणसांनी मोजपट्टी घेऊन संपूर्ण आवार फिरावे. मार्गिकेची रुंदी मोजताना सदनिकांची सुरक्षा दारे बाहेर उघडलेली असताना किती जागा उरते तेही मोजावे. मोटारी उभ्या करण्याच्या जागा मोजताना गाडीची लांबी-रुंदी एवढेच न पाहता दार उघडण्यास आणि वळण घेण्यास लागणारी जागा धरावी. आमच्या आवारात २२ मोटारी मावतात असे सगळेच गृहीत धरून चालले होते आणि त्या हिशेबावर तीन वर्षे भांडणे झाली. प्रत्यक्ष टेप लावल्यावर दारे नीट उघडतील अशा जागा १९ निघाल्या. ज्या तीन जागांवरून भांडण होते त्या मुळात अस्तित्वातच नव्हत्या. मोजणीचा हा कागद दिनांक घालून, दोघांच्या सह्यांसह दप्तरी ठेवावा, कारण पुढचे बरेच प्रश्न त्याच्याच आधारे सुटतात.

नियमाला अधिकार कोठून येतो

सहकारी गृहनिर्माण संस्थेत सर्वांत वर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील नियम असतात. २०१९ पासून या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी तेरा-ब हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याखाली संस्थेचे नोंदणीकृत उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे स्वतःचे नियम (बायलॉज), येतात, त्याखाली सर्वसाधारण सभेचे ठराव आणि सर्वांत खाली व्यवस्थापन समितीचे निर्णय. खालच्या पायरीवरील निर्णय वरच्या पायरीशी विसंगत असून चालत नाही. ही उतरंड एकदा समजली की सभेतला निम्मा गोंधळ टळतो. समितीला देखभालीसाठी गच्ची दोन दिवस बंद ठेवता येते. गच्चीच्या वापराचे कायमचे शुल्क ठरवायचे असेल तर सभेचा ठराव लागतो. आणि उपविधींतल्याच एखाद्या तरतुदीत बदल हवा असेल, तर सभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश बहुमतानंतर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे त्या दुरुस्तीची नोंदणी व्हावी लागते. काही इमारती सहकारी संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील असोसिएशन असतात. तेथे सामाईक जागेत प्रत्येक मालकाचा अविभक्त हिस्सा असतो आणि अधिकारांचा उगम घोषणापत्रात व असोसिएशनच्या उपविधींत शोधावा लागतो. पुढील तपशील सहकारी संस्थेसाठी आहे.

सर्वप्रथम आपल्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते पाहावे. सहकार खात्याने प्रसिद्ध केलेले २०१४ चे आदर्श उपविधी अनेक संस्थांनी घेतले आहेत, परंतु ‘आदर्श’ म्हणजे आपोआप लागू असलेले नव्हे. ज्या संस्थेने ते स्वीकारून नोंदवले नाहीत तिला तिचे जुने उपविधीच बंधनकारक असतात. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी १४ आणि विशेष सर्वसाधारण सभेसाठी ५ पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद उपस्थित असावे लागतात. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागत असल्याने अनेक संस्था नियमावलीचा विषय त्याच सभेत उरकतात. मला ते पटत नाही. हिशेब, लेखापरीक्षण आणि देखभाल खर्च यांवर दोन तास खर्ची पडल्यावर दमलेल्या सभेपुढे आलेली नियमावली एकतर न वाचता मंजूर होते किंवा न वाचता फेटाळली जाते. हा विषय विशेष सभेतच घ्यावा, मसुदा सूचनेसोबतच घरोघरी द्यावा आणि विषयपत्रिकेत ‘सामाईक जागांच्या वापराची नियमावली मंजूर करणे’ असा स्पष्ट उल्लेख करावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली नियमावली मंजूर करणे म्हणजे ती आव्हान देण्याजोगी करून ठेवणे होय.

इतिवृत्तात ठराव लिहिताना सूचक, अनुमोदक, बाजूने व विरोधात पडलेली मते आणि नियम लागू होण्याचा दिनांक येणे आवश्यक आहे. विरोध करणाऱ्याने आपले म्हणणे नोंदवण्याची मागणी केल्यास ते नोंदवावे. त्यात संस्थेचे काही जात नाही. पुढे समजुतीला त्याचा उपयोगच होतो.

नियमाचे वाक्य

‘गच्चीचा गैरवापर करू नये’ हे वाक्य नियम म्हणून कुचकामी आहे, कारण गैरवापर कशास म्हणावे यावरच तर भांडण असते. तेच पुढीलप्रमाणे लिहिता येईल: ‘गच्ची सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत सर्व रहिवाशांस खुली राहील. किल्ली सुरक्षारक्षकाकडे असेल व नेताना वहीत सही करावी लागेल. पाण्याच्या टाक्यांच्या चौथऱ्यावर आणि लिफ्टच्या यंत्रखोलीच्या छपरावर चढण्यास मनाई आहे. वाळवण व कपडे यांसाठी पूर्वेकडील आखलेली जागा वापरावी.’ या मजकुरात वेळ आहे, जागा आहे, जबाबदार माणूस आहे आणि मनाईचे कारण वाचणाऱ्याला स्वतःच कळते. एखादा नियम लिहिल्यावर पहारेकऱ्याला तो कोणालाही न विचारता लागू करता येईल काय, अशी कसोटी लावून पाहावी. येत नसेल तर वाक्य अजून कच्चे आहे.

नियमांची संख्या थोडी असावी. जो प्रश्न संस्थेत कधी उद्भवलाच नाही त्यासाठी नियम करण्याचा मोह आवरावा, कारण न पाळला जाणारा प्रत्येक नियम शेजारच्या नियमाचेही वजन घटवतो. तसेच ‘सभासद’ आणि ‘रहिवासी’ हे शब्द जपून वापरावेत. पार्किंगचा हक्क सभासदत्वाशी जोडलेला असू शकतो, परंतु जिना, लिफ्ट, बाग यांचा वापर भाड्याने राहणारे कुटुंबही करते. त्यांना ‘सभासद नाही’ म्हणून बागेतून हुसकावणारा नियम अन्यायाचा तर आहेच, शिवाय ते ज्या सदनिकेत राहतात तिचा देखभाल खर्च संस्थेला नियमित मिळत असतो हेही त्यात विसरले जाते.

वाहनतळ

सामाईक जागांच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा वाहनतळाचा असतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. पहिला मुद्दा मालकीचा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात असे ठरवले की स्टिल्टखालील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, किंवा उघडी पार्किंगची जागा विकासकाला सदनिकेपासून वेगळी करून विकता येत नाही. ती सामाईक सुविधांचा भाग आहे. म्हणून ‘मी बिल्डरला रोख पैसे देऊन ही जागा घेतली आहे’ असे सांगणाऱ्या सभासदाकडून समितीने प्रथम नोंदणीकृत करारनामा मागावा. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाखालील नव्या प्रकल्पांत झाकलेली पार्किंगची जागा करारनाम्यात रीतसर नमूद असू शकते, त्यामुळे कागद न पाहता कोणाचीही जागा काढून घेण्याची घाई करू नये.

दुसरा मुद्दा वाटपाचा. आदर्श उपविधींचा साधारण रोख असा आहे की जागांचे वाटप प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वाने व्हावे, एका सभासदाला साधारणपणे एकच जागा मिळावी आणि वाहने जागांपेक्षा अधिक असल्यास दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे. मिळालेली जागा सभासदाला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. वार्षिक सोडतीला पुष्कळ विरोध होतो. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे एकच खांबाजवळची जागा आहे त्यांचा जीव त्या जागेत गुंतलेला असतो, आणि दरवर्षी जागा बदलणे खरोखरच गैरसोयीचे आहे. तरीही जागा अपुऱ्या असताना याहून न्याय्य मार्ग मला सापडलेला नाही. सोडतीआधी पात्रतेचे निकष लेखी ठरवावेत: वाहन सभासदाच्या किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या वापरातले असावे, वाहन नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडावी, पहिल्या वाहनाचे सर्व अर्ज संपल्याखेरीज दुसऱ्या वाहनाचा विचार होऊ नये. अपंग सभासदांसाठी लिफ्टच्या निकटची जागा सोडतीतून आधीच वगळून ठेवावी. चिठ्ठ्या सभेसमोर, शक्यतो एखाद्या लहान मुलाच्या हातून काढाव्यात आणि निकाल त्याच दिवशी फलकावर लावावा.

पार्किंग शुल्काचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, समिती नव्हे. दुसऱ्या वाहनासाठी अधिक दर ठेवणे योग्य आहे, मात्र दंडासारखा अवाच्या सवा दर ठेवल्यास ती वाहने बाहेर रस्त्यावर उभी राहतात आणि प्रश्न फाटकाबाहेर ढकलला जातो, एवढेच. दुचाकींचा विचार बहुधा शेवटी होतो. वास्तविक तो आधी व्हावा, कारण अडचण होते ती जिन्याच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या दुचाकीमुळे. पाहुण्यांच्या गाडीसाठी जागा शिल्लक नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि आजारी माणसाला उतरवण्यापुरता, सामान चढवण्यापुरता ठरावीक मिनिटांचा अपवाद द्यावा. रुग्णवाहिका, अग्निशमन वाहन आणि गॅस सिलिंडरची गाडी यांचा मार्ग पिवळ्या पट्ट्यांनी आखून तो कोणालाही, समितीच्या अध्यक्षांनासुद्धा, एका मिनिटासाठीही अडवता येणार नाही असे नियमात नोंदवावे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांचा प्रश्न आता प्रत्येक संस्थेत आहे. सामाईक मीटरवरून चार्जिंग केल्यास त्याचा खर्च सर्वांवर पडतो. म्हणून सभासदाच्या स्वतःच्या मीटरवरून किंवा स्वतंत्र जोडणीवरून चार्जिंग व्हावे, वायर परवानाधारक विद्युत ठेकेदाराने टाकलेली असावी आणि इमारतीचा मंजूर वीजभार पुरेसा असल्याची खात्री आधी करावी. परवानगी नाकारण्याचे कारण समितीने लेखी द्यावे. जिन्याखाली, मीटरखोलीजवळ किंवा बाहेर पडण्याच्या मार्गात दुचाकीची बॅटरी चार्ज करण्यास मात्र सरसकट मनाई असावी. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर आतील उष्णता स्वतःच वाढत जाते, विषारी धूर झपाट्याने होतो आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते. अशी आग जिन्याच्या पायथ्याशी लागली तर वरच्या सगळ्या मजल्यांची वाट बंद होते.

जिना, मार्गिका आणि आगीची वाट

येथे तडजोड नाही. चपलांचे कपाट, कुंड्या, सायकली, जुना सोफा, लग्नातून उरलेल्या खुर्च्या यांपैकी काहीही जिन्यात वा मार्गिकेत नसावे, कारण धूर भरलेल्या अंधारात माणूस भिंतीला हात लावून उतरत असतो आणि त्याचा पाय पहिल्यांदा याच वस्तूंना अडखळतो. ‘गेली वीस वर्षे ठेवतो आहोत, काही झाले नाही’ हा युक्तिवाद प्रत्येक संस्थेत ऐकू येतो. त्यावर वाद न घालता सामान हलवण्यासाठी ठरावीक दिनांक द्यावा आणि त्या दिनांकाला समितीच्या सदस्यांनी स्वतःच्या दारापासून सुरुवात करावी. सदनिकेबाहेर मार्गिकेवर लोखंडी जाळी बसवून तेवढी जागा आपल्यात सामावून घेणे हा याच दुखण्याचा पुढचा टप्पा आहे. तेथे संस्थेचा नियम अपुरा पडल्यास महानगरपालिकेकडे तक्रार करता येते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ज्या इमारतींना अग्निसुरक्षेची यंत्रणा बंधनकारक आहे त्यांना परवानाधारक अभिकरणाकडून ती सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा घ्यावे लागते. नियमावलीत या दोन महिन्यांचा उल्लेख करून जबाबदार पदाधिकाऱ्याचे पद लिहावे. व्यक्तीचे नाव लिहू नये, कारण समिती बदलते. गच्चीचे दार हा अवघड विषय आहे. मुले व अनोळखी माणसे वर जाऊ नयेत म्हणून कुलूप हवे असते आणि आगीत वरच्या मजल्यावरच्यांना वर जाण्याची वाट हवी असते. काचेच्या लहान पेटीत दाराशेजारीच किल्ली ठेवणे हा साधा उपाय आहे, पण ती पेटी महिन्यातून एकदा कोणीतरी तपासली पाहिजे.

समारंभ, गच्ची आणि आवाज

आदर्श उपविधींनुसार जिना, जिन्याखालची जागा, गच्ची, मोकळी जागा अशा सामाईक जागा कोणालाही भाड्याने किंवा कायमच्या वापरासाठी देता येत नाहीत. मात्र सभासदाने अर्ज केल्यास समारंभासाठी गच्ची किंवा मोकळी जागा तात्पुरती वापरू देता येते. ही परवानगी सचिवांच्या मर्जीवर राहू नये यासाठी अर्ज किती दिवस आधी करावा, शुल्क किती, अनामत किती, ती किती दिवसांत परत मिळेल आणि सफाई कोणी करावी हे आधीच ठरलेले असावे. अर्ज आला त्या क्रमाने वहीत लिहावा. बारसे, साखरपुडा, वाढदिवस यांना शुल्क आणि दुःखाच्या प्रसंगी आवारात मांडव घालण्यास मात्र काहीच शुल्क नाही, असा भेद नियमात नमूद करावा. त्या वेळी कोणाला अर्ज लिहायला लावणे शोभत नाही.

गणेशोत्सवाचा किंवा नवरात्राचा मांडव घालताना दोन गोष्टी पाहाव्यात. मांडवाचे खांब अग्निशमन वाहनाच्या मार्गात येऊ नयेत आणि तात्पुरती वीजजोडणी सामाईक मीटरखोलीतून उघड्या वायरने ओढलेली नसावी. वर्गणी ऐच्छिक असते; ती देखभाल खर्चाच्या देयकात चढवू नये. आवाजाबाबत संस्थेला स्वतंत्र शोध लावण्याची गरज नाही. ध्वनी प्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि या वेळेत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, सोसायटीच्या समितीस नाही. संस्थेने स्वतःच्या नियमात याहून थोडे पुढे जाऊन दुरुस्तीच्या कामाच्या वेळा ठरवाव्यात: ड्रिल आणि हातोडा सकाळी १० ते १ व दुपारी ४ ते ६, रविवारी बंद, आणि काम सुरू होण्याआधी शेजारच्या, वरच्या व खालच्या घरांना कळवणे. रात्रपाळी करणारे, तान्ही मुले आणि आजारी माणसे प्रत्येक इमारतीत असतात.

पोहण्याचा तलाव असलेल्या संस्थांनी वेळा आणि पोशाख यांवर पाने भरण्याऐवजी जीवरक्षकाची उपस्थिती, लहान मुलांसोबत प्रौढ व्यक्तीची सक्ती आणि पाण्यातील मुक्त क्लोरीन व सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे त्याचे माप) यांची रोजची नोंद या तीन बाबी ठळक लिहाव्यात. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान नसेल तर क्लोरीन घालूनही जंतूंवर त्याचा नीट परिणाम होत नाही किंवा डोळ्यांची आग होते.

मुले, प्राणी आणि कामाला येणारी माणसे

‘मुलांनी खेळू नये’ असा नियम करणाऱ्या समितीने, मग मुलांनी कोठे जावे याचे उत्तर द्यावे. चेंडूमुळे काचा फुटतात ही तक्रार खरी आहे, परंतु त्यावर मऊ चेंडू, ठरलेली वेळ आणि गाड्यांपासून दूरचा कोपरा हे उपाय आहेत. नियम करताना मुलांनाच एकदा बोलावून विचारावे. आमच्याकडे दुपारी २ ते ४ शांतता ही वेळ मुलांनीच सुचवली आणि त्यामुळे ती त्यांनीच एकमेकांना पाळायला लावली.

पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत बहुमतानेसुद्धा अशी बंदी घालू नये आणि लिफ्टचा वापर नाकारू नये, असे स्पष्ट केलेले आहे. सामाईक जागेत साखळी, घाण मालकाने उचलणे, लसीकरणाची नोंद आणि लिफ्टमध्ये आधीच कोणी घाबरणारे असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहणे, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याचा वाद अधिक तापतो. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार खाऊ घालण्याची जागा व वेळ रहिवाशांच्या संघटनेने ठरवून द्यायची असते आणि ती जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, प्रवेशद्वारापासून व जिन्यापासून दूर असावी लागते. म्हणजे ‘कोठेही घालू नका’ आणि ‘कोठेही घालू’ या दोन्ही भूमिका नियमात बसत नाहीत.

घरकाम करणाऱ्या स्त्रिया, वर्तमानपत्र टाकणारे, सामान पोहोचवणारे यांना मुख्य लिफ्ट वापरण्यास मनाई करणारे फलक अजूनही दिसतात. मोठे सामान, सिमेंट, राडारोडा यांसाठी वेगळी लिफ्ट राखणे समजण्यासारखे आहे, कारण तेथे भार आणि धूळ यांचा प्रश्न असतो. माणसाचा व्यवसाय पाहून त्याला जिना दाखवणे हा नियम नव्हे, अपमान आहे, आणि माझ्या मते समितीने असा प्रस्ताव मतदानालासुद्धा टाकू नये. बाहेरून येणाऱ्यांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी यांची सोय कोठे आहे हे नियमावलीत आवर्जून लिहावे.

दंड आणि तक्रार

दंडावर भर देणारी नियमावली सहसा जमत नाही, पण दंडाची तरतूदच नसलेलीही जमत नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींत दंडाचा मार्ग ठरलेला आहे: आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाला म्हणणे मांडण्याची संधी, दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला आणि एका आर्थिक वर्षात कमाल मर्यादा ५,००० रुपये. संस्थेचे उपविधी वेगळे असतील तर त्यातील मर्यादा पाळावी. व्यवहारात पहिल्या वेळी तोंडी सांगणे, दुसऱ्या वेळी लेखी पत्र, तिसऱ्या वेळी नोटीस अशी चढण ठेवावी आणि प्रत्येक पायरीची वहीत नोंद करावी. तोंडी सांगण्याचे काम पहारेकऱ्यावर टाकू नये. ज्या माणसाची नोकरी रहिवाशांच्या हाती आहे त्याने रहिवाशाला रागावावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याने फक्त नोंद करावी, बोलणे समिती सदस्याने करावे. चाकाची हवा सोडणे, पाणी तोडणे, लिफ्ट बंद करणे किंवा थकबाकीदाराचे नाव मोबाइलच्या गटावर टाकून टिंगल करणे यांपैकी काहीही नियमभंगावरचा उपाय नाही. उलट त्यातून संस्थेवरच तक्रार होते. कॅमेऱ्यातील चित्रण कोणी, कोणत्या कारणासाठी पाहावे आणि किती दिवस ठेवावे हेही लिहून ठेवावे, नाहीतर ते चित्रण दुसऱ्याच दिवशी त्या गटावर फिरते.

रहिवाशाने तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. समितीने तिच्यावर काय निर्णय घेतला हे तक्रारदाराला लेखी कळवावे. ‘पाहतो’ हे उत्तर नव्हे. समितीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याची मागणी करता येते. त्यानंतर कोणाकडे जावे हे तक्रारीच्या स्वरूपावर ठरते. दप्तर न दाखवणे, सभा न घेणे, हिशेब न देणे यांसाठी उपनिबंधक कार्यालय. समितीच्या किंवा सभेच्या ठरावाविषयी वाद असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालय. अनधिकृत बांधकाम किंवा वापरातील बदल असेल तर महानगरपालिका. धमकी, मारहाण, रात्रीचा गोंगाट असेल तर पोलीस. ही ओळ नियमावलीच्या शेवटच्या पानावर छापून ठेवावी आणि तिच्याखाली ठराव क्रमांक, सभेचा दिनांक व सचिवांची सही असावी.